जानेवारीतला पेनाइन वे: पहिल्या हिवाळी डोंगरी शर्यतीची तयारी

इंग्लंडमध्ये डर्बिशायरमधल्या एडेल या छोट्या गावातून पेनाइन वे ही पेनाइन डोंगररांगेवरची पायवाट सुरू होते आणि २६८ मैलांवर, म्हणजे ४३१ किलोमीटरवर, स्कॉटलंडच्या हद्दीत कर्क येथोमला संपते. ही वाट १९६५ साली खुली झाली. उन्हाळ्यात लोक ती दोन-तीन आठवड्यांत सावकाश चालतात. २०१२ पासून याच वाटेवर जानेवारीत स्पाइन रेस होते. पूर्ण अंतर, १६८ तासांची मुदत, आणि घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. झोपा, खा, हरवा, वेळ चालूच.

सह्याद्रीत अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यती, धावलेली आणि आता कामासाठी मँचेस्टर, लीड्स किंवा लंडनला आलेली बरीच मराठी मंडळी या शर्यतीकडे डोळे लावून असतात. मी इथे उत्तरेत राहतो, याच डोंगरांवर धावतो, म्हणून ती मला विचारतात: दम आहे, चढ-उताराची सवय आहे, मग आणखी काय लागतं? माझं उत्तर ठरलेलं आहे. थंडीत तुमच्याकडे उष्णता तयार करणारी मुख्य गोष्ट म्हणजे तुमची हालचाल. पाय चालू आहेत तोवर पातळ कपड्यांतही निभावतं. पाय थांबले की काही मिनिटांत चित्र पालटतं. त्यामुळे कपडे, खाणं, वेग, नकाशा या सगळ्याचा विचार एकाच प्रश्नाने करायचा: यामुळे मी न थांबता चालत राहू शकेन का? खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका प्रश्नाभोवती आहेत.

पायरी १: आधी छोटी शर्यत धरा

पहिल्याच वर्षी २६८ मैलांचा अर्ज भरू नका. त्याच वाटेवर, त्याच महिन्यात छोट्या शर्यती आहेत. स्पाइन स्प्रिंट एडेलहून हेब्डन ब्रिजजवळपर्यंत ४६ मैल, मुदत १८ तास. त्यापुढे चॅलेंजर साउथ, १०८ मैल, ६० तास. नवख्याने स्प्रिंटपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. एक पूर्ण रात्र, किंडर स्काउट आणि ब्लीकलोसारखी उघडी पठारं, दलदल, बर्फ, चिखल हे सगळं त्या ४६ मैलांत भेटतंच.

त्याही आधी दोन-तीन साध्या फेल रेस धावा. उत्तर इंग्लंडमध्ये वस्तीच्या वरचे उघडे डोंगर म्हणजे फेल. फेल रनर्स असोसिएशन त्यांवरच्या शर्यतींची वर्गवारी अक्षरांत देते. चढाईसाठी ए, बी, सी (ए सर्वांत चढाची) आणि अंतरासाठी एल, एम, एस (लांब, मध्यम, छोटी). ‘एएल’ म्हणजे किलोमीटरमागे सरासरी किमान ५० मीटर चढ आणि अंतर २० किलोमीटरच्या वर. नवख्याने बीएम किंवा बीएल धरावी. या शर्यती स्वस्त असतात, गावातल्या क्लबांनी भरवलेल्या असतात, आणि इथली माणसं डोंगरावर कशी वागतात ते तिथेच शिकायला मिळतं.

पायरी २: थंडी नेमकी कुठून येते ते ओळखा

आकडे पाहून फसू नका. पेनाइनवर तापमान लडाखसारखं उणे वीसला जात नाही. खरा त्रास शून्य ते चार अंशांच्या मध्ये होतो. तेव्हा बर्फ पडत नाही, पाऊस पडतो, आणि तो आडवा येतो. कोरड्या बर्फात माणूस कोरडा राहतो. दोन अंशांच्या पावसात तो भिजतो, आणि ओल्या कपड्यांतून उष्णता झपाट्याने निघून जाते.

त्यात उंची आणि वारा. दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरतं. किंडर स्काउट ६३६ मीटर, तर पेनाइनमधलं सर्वांत उंच क्रॉस फेल ८९३ मीटर. आपल्या कळसूबाईच्या साधारण निम्मं. पण या माथ्यांवर वाऱ्याला अडवायला झाड नाही, झुडूप नाही. शून्य अंशाला ताशी ५० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला उणे आठ अंशांइतकी थंडी लागते. उणे पाच आणि ताशी ६० किलोमीटर झाला की उणे पंधराच्या खाली. क्रॉस फेलवरून उतरणाऱ्या वाऱ्याला तर हेल्म विंड असं स्वतःचं नावच आहे.

उजेडाचाही हिशेब करा. जानेवारीच्या मध्याला एडेलमध्ये सकाळी सव्वाआठच्या सुमारास सूर्य उगवतो आणि संध्याकाळी सव्वाचारच्या आसपास मावळतो. दिवसातले सोळा तास अंधाराचे.

हवामान बिघडलं तर काय होतं याचं सर्वांत वाईट उदाहरण चीनमधलं. मे २०२१ मध्ये गान्सू प्रांतात बाइयिनजवळ १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. अचानक गारठा, गारांचा पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. १७२ धावपटूंपैकी २१ जण दगावले. वारा अडवणारं जॅकेट सक्तीच्या यादीत नव्हतं, फक्त जवळ असावं अशी सूचना होती. बरेच जण अर्ध्या बाह्यांत आणि शॉर्ट्समध्ये होते. झू केमिंग नावाच्या मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेतल्या निवाऱ्यात नेऊन शेकोटी पेटवली, ते वाचले. सक्तीच्या सामानाची यादी बघून जड म्हणून कुरकुर करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

शर्यतीच्या आठवड्यात रोज डोंगरी अंदाज वाचा. माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा अंदाज फुकट मिळतो. त्यात माथ्यावरचा वारा, त्या वाऱ्यात चालणं किती अवघड जाईल, ढग किती खाली येतील हे सगळं वेगवेगळं दिलेलं असतं. गावाचं तापमान सांगणारं मोबाइलमधलं ॲप इथे कामाचं नाही.

पायरी ३: कपडे, आणि विशेष करून हात

यादी आयोजक देतातच. स्लीपिंग बॅग, दोन हेडटॉर्च, बुटांवर चढवायचे काटे, बर्फाच्या माऱ्यात डोळे उघडे ठेवता यावेत म्हणून गॉगल. ती यादी त्या वर्षीची वाचा आणि तंतोतंत पाळा. मी फक्त जिथे नवखे चुकतात तिथे बोट ठेवतो.

अंगाला लागून मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर पातळ फ्लीस, त्यावर शिवणींना टेप लावलेलं आणि टोपी जोडलेलं जलरोधक जॅकेट. सुती काहीही नको, आतले कपडेसुद्धा. जलरोधक पँट बूट न काढता चढवता येईल अशी हवी. पाठपिशवीत, आणखी एका जलरोधक पिशवीत, एक जाड जॅकेट सदैव कोरडं ठेवायचं. तुम्ही थांबलात, पडलात किंवा दुसऱ्या कुणासाठी थांबावं लागलं, तर ते बाहेर काढायचं. ते ओल्या पावसाळी जॅकेटच्या वरून चढवा. आतले थर काढत बसलात तर उरलीसुरली ऊबही जाईल.

आता हात. माझ्या पाहण्यात पायांपेक्षा हातांनी जास्त माणसं शर्यतीबाहेर काढली आहेत. ब्लीकलोवर रात्री दोन वाजता नेमकं काय होतं ते सांगतो. भूक लागली म्हणून तुम्ही एक हातमोजा काढता. पाकीट फाटत नाही, म्हणून दुसराही काढता. वाऱ्यात दीड मिनिटात बोटांची टोकं लाकडासारखी होतात. आता झिप कुठे आहे ते डोळ्यांनी बघावं लागतं, बोटांना कळत नाही. मोजा परत घालायला जाता तर ओल्या हाताला आतलं अस्तर चिकटून उलटं बाहेर येतं आणि बोटं आपापल्या जागी जात नाहीत. जॅकेटची झिप लागत नाही म्हणून छाती उघडी राहते. छाती गार पडली की शरीर हातांकडचं रक्त आणखी कमी करतं. एक बिस्कीट खाण्याच्या नादात माणूस इथवर येतो.

उपाय साधे आहेत, पण घरीच करून निघायचे. प्रत्येक झिपला दोरीचा मोठा फास बांधा, म्हणजे मोजा न काढता ओढता येईल. सगळी पाकिटं आधीच कापून खाणं उघड्या पिशव्यांत भरा. पातळ मोज्यांवर पाचही बोटं एकत्र राहणारे जलरोधक मिटन घाला, एक माप मोठे, ओला हात सहज आत जाईल असे. ते मनगटाला इलॅस्टिकने बांधा, कारण वाऱ्याने उडालेला मोजा परत मिळत नाही. दोन्ही मोजे एकाच वेळी कधीच काढू नका, आणि काढलेला मोजा जॅकेटच्या आत छातीशी धरा. एक कोरडी जोडी वेगळी राखून ठेवा.

पायात काय घालायचं यावर मतं वेगवेगळी आहेत. मी जलरोधक बूट घेत नाही, कारण घोट्यापर्यंत दलदलीत पाय गेला की पाणी वरून आत येतं आणि बाहेर पडत नाही. खोल दातांचा, पाणी गळून जाणारा बूट आणि आत जलरोधक मोजे ही मला पटलेली जोडी. पायांना व्हॅसलीनचा जाड हात फिरवून निघा.

पायरी ४: खाणं गोठतं, पाणीही

पोटात इंधन नसेल तर शरीर कुडकुडूही शकत नाही. ताशी २०० ते २५० कॅलरी पोटात जायला हव्यात, आणि त्या भूक लागायच्या आधी. थंडीत तहान कमी लागते, त्यामुळे पिणंही राहून जातं. घड्याळात दर अर्ध्या तासाचा गजर लावा. वाजला की दोन घास, दोन घोट. मन नसलं तरी.

ही शर्यत नेमकी संक्रांतीच्या आसपास येते, आणि आपल्या स्वयंपाकघरात या कामाचं पुष्कळ काही आहे. शेंगदाणे-गुळाच्या लाडवात १०० ग्रॅमला साडेचारशेच्या वर कॅलरी असतात आणि पोटालाही तो सोसतो. पण कडक पाकाची चिक्की नेऊ नका. गारठ्यात ती दातांना भारी पडते. तिळाच्या मऊ वड्या करा, एका घासाच्या, आणि गूळपोळीचे चौकोनी तुकडे. खजूर-सुक्यामेव्याचे लाडू करताना तूप कमी घाला, ते थिजलं की लाडू दगड होतो आणि टाळूला चिकटतो. जे न्यायचं ते रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी चावून बघा. चावलं तरच पिशवीत. शर्यतीत तासाभराचं खाणं अंगाजवळच्या खिशात ठेवा, उबेने मऊ राहतं. गोडाने तोंड मळमळलं की तिखट-मिठाचं काहीतरी हवंच असतं, त्यासाठी भाजलेले दाणे किंवा मेथीचे ठेपले.

पाण्याच्या नळीचं तोंड सर्वांत आधी गोठतं. प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकर मारून पाणी मागे ढकला. बाटली असेल तर उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, त्यामुळे झाकणाकडचं पाणी प्यायला मोकळं राहतं. छोटा थर्मास वजनाला जड, पण मी तो सोडत नाही.

पायरी ५: वाट स्वतःला सापडली पाहिजे

जीपीएस घ्यायचंच, पण त्याच्यावरच विसंबू नका. थंडीत बॅटरी अचानक मान टाकते, आणि ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही. फोन अंगाशी ठेवा. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल १ डार्क पीक आणि ओएल २१ साउथ पेनाइन्स हे १:२५,००० चे नकाशे स्प्रिंटच्या वाटेसाठी पुरतात.

होकायंत्र इथेच विकत घ्या. भारतात मिळणाऱ्या होकायंत्राची सुई तिकडच्या चुंबकीय क्षेत्रासाठी तोललेली असू शकते. ती इथे झुकते आणि तळाला घासते. ते फोनशेजारी एका खिशातही ठेवू नका.

माथ्यावर ढग आला की हेडटॉर्चचा उजेड समोर पांढरी भिंत उभी करतो. अशा वेळी टॉर्च कपाळावरून काढून कमरेशी धरा, जमीन दिसू लागते. वाट चुकल्याची शंका आली की पुढे रेटू नका. शेवटची खात्रीची जागा आठवत असेल तर तिथवर परत जा. दलदलीवर लांबच लांब दगडी फरश्या टाकलेल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच लँकेशर-यॉर्कशरच्या पाडलेल्या कापडगिरण्यांमधून आलेल्या. गिरणगावाशी नातं असलेल्या माणसाला त्यांवरून जाताना आत काहीतरी हलतं. पण त्यांवर काळा बर्फ धरतो आणि टॉर्चच्या उजेडात तो नुसता ओला दगड वाटतो. काटे चढवा, किंवा कडेच्या गवतावरून चला.

पायरी ६: सराव कुठेही करता येतो

महाराष्ट्रात राहून तयारी करत असाल तर थंडी मिळणार नाही, पण ओल मिळेल. भर पावसाळ्यात राजगड-तोरण्यासारख्या ओळखीच्या वाटेवर, माहीतगार सोबत घेऊन, पूर्ण पिशवी पाठीला लावून रात्रभर चाला. धो-धो पावसात नकाशा काढणं, खाणं, बॅटरी बदलणं हे सगळं न थांबता जमलं पाहिजे. घरी बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं हात बुडवा आणि लगेच झिप लावा, लेस बांधा, शिट्टी काढा. जे जमणार नाही, त्या वस्तूची मांडणी बदला.

वेगाच्या कसरतींपेक्षा जड पिशवी घेऊन भरभर चालण्याचा सराव जास्त उपयोगी. या शर्यतीत बहुतेक लोक बहुतेक वेळ चालतातच. शर्यतीआधी एक आठवडा तरी इंग्लंडला या आणि किंडरवर दिवसाउजेडी एक चक्कर मारा.

पायरी ७: शर्यतीत

पहिल्या चढावर, जेकब्स लॅडरवर, सगळे सुसाट सुटतात. तुम्ही सुटू नका. घाम आला म्हणजे आतला थर तुम्हीच भिजवलात, आणि तो माथ्यावर गारठणार. चढ लागायच्या आधी एक थर काढा. उलट माथ्यावर पोचण्याआधी, आडोसा असतानाच जॅकेट, टोपी, मिटन चढवा. वाऱ्यात पोचून चढवू म्हणालात तर उशीर झालेला असतो.

चेकपॉइंटवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या थांब्यावर, गरम खोली, चहा, सूप मिळतं, आणि तिथेच शर्यत सोडणाऱ्यांची रांग लागते. आत शिरण्याआधी मनात क्रम ठरवा: बाटल्या भरणं, कोरडे मोजे, गरम खाणं, बॅटरी, निघणं. हीटरला चिकटून बसू नका. जॅस्मिन पॅरिसने २०१९ मध्ये पूर्ण स्पाइन रेस ८३ तास १२ मिनिटांत जिंकली, पुरुषांनाही मागे टाकून. तान्ह्या मुलीसाठी चेकपॉइंटवर दूध काढून ठेवून ती पुढे निघत होती. इतक्या तासांत तिची झोप जेमतेम तीन तास. त्याच वर्षी २०१३ चा विजेता युजेनी रोसेलो सोले दुसऱ्या क्रमांकावर होता, आणि शेवट साधारण सहा किलोमीटरवर आला असताना त्याला मदत मागवावी लागली. इतक्या अनुभवी माणसाचं हे झालं, म्हणून शेवटच्या टप्प्यातही खाणं आणि कपडे यांची शिस्त सोडायची नाही.

पायरी ८: थंडी भरली तर

शरीराचं आतलं तापमान ३७ वरून ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. तो स्वतःचा स्वतःला कळत नाही, यातच त्याचा धोका आहे. बोलणं जड होतं, पाय अडखळतात, हातातून वस्तू पडतात, माणूस चिडचिडा होतो किंवा एकदम गप्प. म्हणून रात्री कुणाची तरी सोबत धरा आणि एकमेकांशी बोलत राहा. साधा प्रश्न विचारा, पुढचं गाव कोणतं? उत्तर यायला वेळ लागला तर लगेच हालचाल करा.

कुडकुडणं सुरू आहे तोवर माणूस परत येऊ शकतो. वाऱ्याआड न्या, जाड जॅकेट, टोपी, साखरेचं काहीतरी, आणि जमत असेल तर खाली उतरायला लावा. कुडकुडणं थांबलं पण माणूस गुंगीत आहे, तर ते बरं वाटण्याचं नव्हे, धोक्याचं लक्षण. त्याला चालवू नका, चोळू नका. खाली चटई घालून झोपवा, स्लीपिंग बॅगमध्ये आणि निवाऱ्याच्या पिशवीत घाला आणि मदत बोलवा. तुमची जागा आयोजकांना दाखवणाऱ्या ट्रॅकरवर एसओएसचं बटण असतं. फोनवर ९९९, पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. ही पथकं स्वयंसेवकांची असतात आणि पैसे घेत नाहीत. सिग्नल कमी असेल तर ९९९ ला एसएमएस करता येतो, पण त्यासाठी नाव आधी नोंदवावं लागतं, ते घरूनच करा. शिट्टीचा संकेत मिनिटाला सहा फुंका, मग एक मिनिट थांबून पुन्हा.

बोटं पांढरी, मेणासारखी, बधिर झाली तर तो हिमदंश. चोळायचं नाही. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वाटेत ऊबवायचंही नाही.

शर्यत सोडायची ठरवलीत तर आयोजकांना सांगूनच जा. न सांगता गाडीत बसून घरी गेलेल्या माणसाला शोधायला पथक रात्रभर डोंगर पालथा घालतं. इथे याहून मोठा अपराध मानत नाहीत.

पायरी ९: संपल्यावर

ओले कपडे आधी उतरवा, कोरडे घाला, मग गरम पेय आणि जेवण. अंग आतून गार असताना कढत पाण्याने लगेच आंघोळ करू नका, चक्कर येऊन पडाल. पावलं सुरकुतून पांढरी झालेली असतील, ती पुसून उघडी ठेवा, उंच ठेवून झोपा. दोन दिवस ती सुजतात, म्हणून एक माप मोठ्या चपला सोबत आणा. बोटांच्या टोकांचा बधिरपणा काही आठवडे राहू शकतो. पण काळसरपणा किंवा फोड दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि रात्रभर जागून परतताना गाडी स्वतः चालवू नका. एडेलला रेल्वे स्टेशन आहे, हेब्डन ब्रिजलाही आहे.